मेढ्याचं कपाट

गेल्या महिन्यात मुलानं नवा सोफा घेतला. सांगलीतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट एवढीशी की त्यात मी आणि माझी भाजीची पिशवी मावलो तरी पुष्कळ. सोफा जिन्यानं आणला. दुकानातली दोन पोरं आणि माझा मुलगा, तिघं मिळून तो दारात कधी उभा करत होते, कधी आडवा. "तिरका घे, तिरका," "तुझ्याकडनं उचल की," "आरं थांब, हात हाय माझा!" हे शेवटचं कानावर पडलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस उगाच पेटवला, उगाच बंद केला. सून मागं आली. "आई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "मोठं सामान लहान दारातून जाताना मला बघवत नाही." ती हसली. मला भिंतीच्या रंगाची काळजी पडलीय असं तिला वाटलं असणार. सोफा आत आला, एक ओरखडा सोडला तर काही झालं नाही. मला मात्र दोन दिवस जेवण गोड लागेना, म्हणून हे लिहायला बसले. ज्यांची यानं अडचण होईल अशी माणसं आता कुणी उरलेली नाहीत.

आमचं गाव कृष्णेच्या काठचं, साताऱ्याहून सांगलीला येताना वाटेत लागणारं, उसाचं. घर दगडमातीचं, फार मोठं नव्हे. पण ज्यानं कुणी ते बांधलं त्यानं भिंती बांधताना हात सैल सोडला होता आणि दारं बसवताना आखडता घेतला होता. भिंत एवढी जाड की खिडकीच्या कोनाड्यात मी पाय घेऊन बसायची, आणि दार एवढं बुटकं की पाहुण्यानं वाकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लोक म्हणायचे, जुन्या माणसांनी मुद्दाम तसं केलं, येणाऱ्याची मान खाली राहावी म्हणून. आमच्या घरात एक मान कधी खाली जात नसे, ती आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. फौजेतून हवालदार होऊन आलेले, उंच, ताठ. जन्म त्याच घरातला असला तरी दारात वाकायचं ते विसरायचे आणि चौकटीच्या वरच्या गणेशपट्टीवर कपाळ आपटायचं. मग हाताशी जो सापडेल त्याला एक बसायची. बहुतेक वेळा आईच सापडायची.

मारणं हे आमच्या घरात रोजच्या कामासारखं होतं, असं लिहिलं तर सुनेला खोटं वाटेल. पण तसंच होतं. सकाळी धारा, मग शेण, मग भाकऱ्या, आणि त्यात कुठंतरी ते. आमटी खारट झाली म्हणून, फिकी झाली म्हणून, माहेरचा माणूस आला म्हणून, आला नाही म्हणून. मी आवाजावरून ओळखायला शिकले होते. आबा अंगणात पायातल्या वहाणा झटकून काढायचे तेव्हा त्या दोन्ही एकदम पडल्या तर दिवस बरा. एक पडली आणि दुसरी भिंतीवर आदळली, की मी परातीतलं पीठ आईकडून ओढून घ्यायची, कारण पीठ मळताना मार बसला की परात उलटायची आणि त्याचा मार वेगळा. आईला डाव्या कानानं ऐकू येत नसे. कशानं, हे मी कधी विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. ती चुलीपुढं अशी बसायची की उजवा कान दाराकडं राहावा.

आई मेढ्याकडची. डोंगरातली माणसं, नाचणी-वरीवर वाढलेली, कमी बोलणारी. तिच्या लग्नानंतर वर्षभरानं माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, एसटीच्या टपावर सागवानाच्या फळ्या टाकून आले, सोबत एक सुतार. लेकीला कपाट द्यायचं त्यांच्या मनात होतं. मेढ्यातच करून आणलं असतं, पण लग्नात ते आमची दारं बघून गेले होते. म्हणून धान्याच्या खोलीत, जिथं ज्वारीची पोती आणि लोणच्याच्या बरण्या असायच्या, तिथंच सुतारानं बैठक मारली, आणि कपाट आतच उभं केलं. माणसाहून उंच, दोन दारांचं, मूठभर जाडीची पितळी मूठ, आतल्या बाजूला आरसा. ते दारातून कधी जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. आजोबा जाताना म्हणाले होते म्हणे, "ऱ्हाऊ दे, जायचंय कुठं त्याला." आईच्या चार साड्या, माझी लहानपणीची झबली आणि हळदीकुंकवाची वाटी, एवढ्यासाठी ते भलंमोठं कपाट. पण आईला त्याचा दुसरा उपयोग होता. मार खाऊन झाला की ती त्या खोलीत जायची, कपाट उघडायची, साड्यांत तोंड घालायची आणि रडायची. जाड लाकूड, आवाज बाहेर येत नसे. मी बाहेर पोत्यावर बसून राहायची. ती तोंड बाहेर काढायची तेव्हा पुसलेलं असायचं.

मी दहावीत होते त्या वर्षी आबा आणि नाना वेगळे झाले. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. दोघा भावांत प्रेम नव्हतंच. नानाही तापटच, फक्त आबांचा राग चटकन यायचा आणि नानांचा मुरायचा. जमीन आणि खोल्या पंचांनी वाटून दिल्या, राहिलं घरातलं सामान. आमच्याकडं त्याची रीत अशी की थोरल्यानं दोन वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला मग आपोआप वाटे सारखे पाडतो. पण आबांना विहिरीवरचं इंजिन पाहिजे होतं. नवं होतं, तेलाच्या वासाचं, ते त्याला रोज फडक्यानं पुसायचे. ते आपल्याला राहावं म्हणून त्यांनी डोकं लढवलं. एका वाट्यात बैलगाडी, तांब्याचे हंडे, घंगाळ, सगळं चकचकीत. दुसऱ्यात इंजिन, आणि इंजिनाच्या जोडीला मेढ्याचं कपाट. खोली आमच्या वाटणीत आलेली, कपाट तिच्यातून निघणारं नाही, मग नाना असला वाटा कशाला उचलतील? शिवाय काकीचा डोळा हंड्यांवर होता. पंचांनी विचारलं, "वयनीच्या म्हायेरचं हाय न्हवं ते?" आबा म्हणाले, "घरात आलं ते घराचं. मी दुजाभाव करत न्हाई." मान डोलवली पंचांनी. आबांचं फार कौतुक झालं त्या क्षणी.

नाना उठले, दोन्ही वाट्यांकडं बघितलं, आबांच्या तोंडाकडं बघितलं, आणि हसले. "इंजिन माझं. आनी कपाट बी माझं. सबंध नेणार, करवत लावून द्याचा न्हाई."

आबांचं तोंड पांढरंफटक पडलं. पण पंचांसमोर ते काय बोलणार? म्हणाले, "न्हे की. पण माझ्या बापानं बसवल्याली चौकट हाय. तिला हात लावला तर हात तोडीन." आमच्यात चौकट पूजा करून बसवतात, हळदीकुंकू वाहून, नारळ फोडून. ती उखडली की घरातला माणूस जातो असा समज. म्हणजे कपाट कापायचं नाही आणि चौकट काढायची नाही, असं दोघांनी चारचौघांत ठरवून टाकलं, आणि ते शक्य नाही हे दोघांनाही कळत होतं. आई चुलीपुढं होती. तिनं उजवा कान दाराकडं केला होता, तिला सगळं ऐकू आलं. तव्यावरची भाकरी करपली. त्या करपलेल्या भाकरीचा मार संध्याकाळी बसला, पण खरा मार इंजिनाचा होता.

कपाट काढायचं ठरलं त्या दिवशी सकाळीच ऊन लागत होतं. नानांनी गल्लीतली तिघं-चौघं गडीमाणसं बोलावली होती. कपाट उभं जाणार नव्हतं, म्हणून एका कुशीवर आडवं केलं आणि माथ्याकडून दारात घातलं. सगळ्या गड्यांना बाहेर ओढायला लावलं, उंबरा उंच असल्यामुळं तिकडं जास्त माणसं हवी होती. आबा आमच्याकडं वळले. "तुमी दोघी आतनं ढकला." आई आणि मी खोलीत कपाटाच्या पायांकडं उभ्या राहिलो. त्या खोलीला तेच एक दार. एक झरोका होता वर, मांजर जाईल एवढा. कपाट दारात अडकलं तर आम्ही आत कोंडल्या जाऊ, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नाही.

"हं, घ्या… जोर लावा…" लाकूड लाकडावर करकरत होतं. इतक्या वर्षांची आतली धूळ उडाली, माझ्या नाकातोंडात गेली. निम्मं कपाट बाहेर गेलं आणि थांबलं. ती पितळी मूठ चौकटीच्या लाकडात रुतली होती. पुढं ओढलं तर अजून रुते, मागं ढकलावं तर उंबरा आडवा येई. आमच्या बाजूनं बघितलं तर दार भरून गेलं होतं, फक्त वर, गणेशपट्टीच्या खाली, वीतभर फट. त्या फटीतून बाहेरच्या सोप्यातला उजेड आणि पुरुषांचे आवाज येत होते. सगळे एकमेकांना हुशारी शिकवत होते. कुणी तेल आणा म्हणत होता, कुणी साबण. नाना म्हणाले, "चौकट काढा, सरळ गोष्ट हाय." आबा म्हणाले, "करवत आण, पाय काप त्येचे." मग परत तेच, परत तेच, आवाज चढत गेले.

आत आम्ही पोत्यांवर टेकलो. दुपार झाली होती, दोघींच्या पोटात काही नव्हतं. कोपऱ्यात पाटा-वरवंटा होता. आईनं गुळाच्या ढेपेला वरवंट्यानं एक ठोका दिला, गूळ फुटला, पोत्यातल्या भुईमुगाच्या शेंगा काढल्या, आणि आम्ही शेंगा-गूळ खात बसलो. आई पाय पसरून बसली होती. मी तिला पाय पसरून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं, ती कायम एक गुडघा वर करून, उठायच्या तयारीत बसायची. बाहेर आबा ओरडले की मी दाराकडं बघायची, आणि दारात कपाट. आईच्याही ते लक्षात यायला लागलं होतं. ती शेंग सोलता सोलता थांबली आणि म्हणाली, "सुमे, हितं कुणालाच येता येत न्हाई, व्हय गं?"

मी म्हटलं, "न्हाई."

"मग झोपते जरा," ती म्हणाली, आणि पोत्यावर डोकं टेकून खरंच झोपली. बाहेर दोन भाऊ एकमेकांची आई-बहीण काढत होते, आणि माझी आई तोंड उघडं टाकून घोरत होती. मी तिच्या अंगावरची टरफलं झाडली. आजवरच्या आयुष्यात मला सुखाचे दिवस पुष्कळ मिळाले, शाळेतली नोकरी, नवरा बरा, मुलं चांगली. पण सुख म्हटलं की मला आधी ती दुपार आठवते.

तिला जाग आली ती नानांच्या किंकाळीनं. नाना चौकट उखडायला पहार घेऊन आले होते, आणि आबांनी लाकडाचं दांडकं त्यांच्या डोक्यात घातलं होतं. फटीतून मला नानांचं कपाळ दिसलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरत होतं आणि ते पुसतही नव्हते. काकी ऊर बडवत होती. गड्यांनी आबांना धरलं होतं आणि आबा त्यांच्या हातांतून सुटायला बघत होते. "तुकडं करीन तुजं! कपाट पायजे व्हय? कपाटात घालून पुरतो तुला!" आई उठून फटीपाशी गेली. मला वाटलं, बघायला गेली. तिनं टाचा उंचावल्या आणि बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. पुरुषांच्या भांडणात ती बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

"आवं, ते माझ्या बापानं मला दिल्यालं हाय! वाटनीत घालताना मला कुनी इचारलं?"

गड्यांचे हात सैल पडले असणार, कारण पुढच्या क्षणी आबांचा आवाज अगदी कपाटाला लागून आला. "काय बोललीस?"

"बोलले ते ऐकलंसा." आई म्हणाली. "बुळ्यावानी बायकूचं कपाट इंजनासाटी लावलंसा पैजंला. पंचाम्होरं लाज वाटली न्हाई?"

खुंटीवरून पट्टा ओढल्याचा आवाज मला झोपेतही ओळखता आला असता. फौजेतला, जाड, बकलाचा. "ये भायेर. ये तू भायेर." ते कपाटावर लाथा घालत होते. "कशी यिऊ?" आई म्हणाली. "मधी कपाट हाय." आणि मग ती हसली. ते हसणं कशाचं होतं मला सांगता येणार नाही, भीतीचंही असेल. पण ते ऐकून आबांचं उरलंसुरलं भान गेलं. त्या वीतभर फटीतून त्यांचा उजवा हात आत आला, खांद्यापर्यंत घुसवलेला, आणि पट्टा फिरायला लागला. बकल भिंतीवर आपटत होतं, बरण्यांवर आपटत होतं. लोणच्याची एक बरणी फुटली, तेल आणि मोहरीचा खार जमिनीवर पसरला. माझ्या गालाला बकल लागलं, अजून तिथं बारीक खूण आहे. आईनं मला ओढून मागं घेतलं. आम्ही भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो, आणि पट्टा आमच्या पुढ्यात हवेत फिरत राहिला, पोचत नव्हता.

नेमकं त्याच वेळी नानांनी पहार उंबऱ्यावर टेकवून कपाटाखाली घातली आणि सगळं अंग टाकून उचकटलं. भावाचा हात फटीत आहे हे त्यांनी बघितलं होतं की रक्तानं त्यांना दिसत नव्हतं, हे मी पुढं त्यांना एकदा विचारलं, तर त्यांनी पानाला चुना लावायला घेतला. कपाट जागचं उडालं आणि गणेशपट्टीला जाऊन घट्ट बसलं. फट राहिली नाही. आबांचा हात कोपराच्या वर सापडला. असा आवाज मी माणसाच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पट्टा सुटून खाली पडला. बाहेर सगळे धावले, कुणी पहार काढली, कुणी माथ्याकडून ओढलं, ओढलं की आबा आणखी ओरडत. शेवटी नानांचाच आवाज आला, घाबरलेला. "वयनी! आतनं मागं वडा! वयनी, आतनंच निघंल ते!"

खोलीत आता उजेड नव्हता, झरोक्यातून येईल तेवढाच. आणि त्या उजेडात आमच्यासमोर तो हात होता. बाकीचे आबा भिंतीपलीकडं होते, मोठ्यानं ओरडणारे, आणि हात इकडं, आमच्याजवळ, एकटा. बोटं उघडत-मिटत होती. मनगटावर घड्याळ तसंच होतं. ते निवृत्त होताना पलटणीनं दिलेलं, त्यांचा जीव होता त्यावर. आईला मारायच्या आधी ते घड्याळ काढून माझ्या हातात द्यायचे, "धर" म्हणायचे, आणि मारून झालं की हात पुढं करायचे, मी घड्याळ परत द्यायची. मी पहिलीत असल्यापासून हे माझं काम होतं. त्या दिवशी तेवढं काढायला त्यांना सुचलं नव्हतं.

आई पुढं गेली. मला वाटलं, ती कपाटाचे पाय धरणार, मीही ओढणी खोचून तयार झाले. तिनं आबांचं मनगट एका हातानं धरलं. बोटांनी तिचा हात घट्ट पकडला. तिनं बोटं एकेक करून सोडवली, मग घड्याळाचा पट्टा सोडवला, घड्याळ काढलं आणि मागं न बघता माझ्यापुढं केलं.

"धर," ती म्हणाली.

मी धरलं. तिनं खाली वाकून वरवंटा उचलला. हात कपाटाच्या लाकडाला टेकवला, नीट, नारळ ठेवावा तसा, आणि मनगटावर वरवंटा घातला. एकदा. मग बोटांच्या मुळांवर आणखी एकदा. बाहेर आबा आधीच ओरडत होते, त्यामुळं कुणाला वेगळं काही कळलं नाही. फक्त त्यांचं ओरडणं मध्येच तुटलं, आणि मग ते ओरडलेच नाहीत. त्यांना कळलं होतं. भिंतीच्या पलीकडून त्यांना बरोबर कळलं होतं.

आईनं वरवंटा पाट्यावर जागच्या जागी ठेवला. "चल, वड," मला म्हणाली. दोघींनी कपाटाचे पाय धरले आणि मागं ओढलं. ती डोंगरातली बाई, तिच्यात किती जोर होता ते त्या दिवशी कळलं. मूठ दारापासून तुटून चौकटीतच राहिली, कपाट धाडकन आत आलं, आरसा फुटला, आणि हात फटीतून बाहेर ओढला गेला. मी त्या वेळी रडत होते का, मला आठवत नाही. वाईट वाटत नव्हतं हे आठवतं. आनंद झाला होता, आणि आज इतक्या वर्षांनी, नातवंडांना मारू नये म्हणून मुलाला रागावणारी मी, तो आनंद मागं घेत नाही.

नाना आणि गड्यांनी आबांना टेंपोत घातलं आणि सांगलीला आणलं. आई आणि मी मागं बसलो. नानांच्या डोक्याला काकीची जुनी साडी फाडून बांधलेली, आबांच्या हाताला माझी ओढणी. ज्या भावांनी दुपारी एकमेकांचा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता ते टेंपोच्या धक्क्यांनी एकमेकांवर कलंडत होते. नाना मध्येच आपणहून म्हणाले, "मला नको ते कपाट. ऱ्हाऊ दे." दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्यानं एक्सरे उजेडासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे वरचं ठीक आहे, दाबलं जाऊन मोडलंय," तो म्हणाला. "पण मनगटाचं आणि बोटांचं हे कशानं?"

आई भिंतीपाशी उभी होती. तिनं पदर डोक्यावरून घेतला नव्हता, हे माझ्या लक्षात आलं. आबांनी तिच्याकडं बघितलं. मी त्यांच्या डोळ्यांत इतका राग पूर्वी पुष्कळदा पाहिला होता, पण त्याच्या जोडीला दुसरंही काही होतं, ते नवीन होतं. नाना शेजारी होते, गडी दारात होते. बायकोनं वरवंट्यानं हात ठेचला, हे वाक्य हवालदाराच्या तोंडून त्या माणसांसमोर कसं निघावं?

"कपाटानं," आबा म्हणाले.

"सगळं?"

"सगळं कपाटानंच."

प्लास्टर निघालं तेव्हा पावसाळा सरत आला होता. हाड जुळलं, पण बोटं मिटत नव्हती. आबांना भाकरी मोडता येईना. आई मोडून, आमटीत कुस्करून ताट पुढं सारायची, आणि ते डाव्या हातानं खायचे. घड्याळ मी त्यांच्या उशाशी ठेवलं होतं, पण ते त्यांनी परत कधी बांधलं नाही. घरात आवाज कमी झाले. तरी आई उजवा कान दाराकडं करूनच बसायची, आणि मी वहाणांचा आवाज ऐकतच राहिले, कारण डावा हात होता, पट्टा होता, आणि माणूस तोच होता.

मग एका संध्याकाळी आमटी खारट झाली. आबांनी एक घास खाल्ला, ताट पायानं लोटलं आणि उठले. ताट चुलीच्या जोत्यावर आपटून घरंगळत माझ्यापर्यंत आलं. मी सवयीनं परात ओढून घेतली. आबा आईच्या डोक्यावर उभे राहिले आणि त्यांचा हात वर गेला, उजवाच, इतक्या वर्षांची खोड. बोटं मिटली नाहीत. हात तसाच वर राहिला, पंजा उघडा. आईनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी तिनं उलटली, फुगू दिली, काढून टोपल्यात ठेवली, आणि दुसरं ताट घेऊन त्यात आमटी वाढली, त्याच खारट आमटीतली.

"बसा," ती म्हणाली. "भाकरी गार हुतीया."

आबा बसले.